नियोजित नगरात उन्हाचेही नियोजन व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूज महानगरातील माझ्या एकमजली घराच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी मी ३ किलोवॉटचा सौर संच बसवला. गेल्या हिवाळ्यात, पाठीमागच्या शेजाऱ्यांनी आपल्या घरावर एक मजला चढवल्यानंतर, त्या संचातून मिळणारी वीज निम्म्याच्या जवळपास आली. शेजारी सज्जन आहेत, त्यांचा नकाशा रीतसर मंजूर आहे, सामासिक अंतरे, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, हीही त्यांनी नियमाप्रमाणे सोडलेली आहेत आणि मीही माझ्या बाजूने कोणताही नियम मोडलेला नाही. दोघांपैकी कोणाचीही चूक नसताना एकाचे नुकसान व्हावे, हे जुन्या गावठाणात घडले असते तर नशिबावर ढकलता आले असते; परंतु रस्ते, भूखंड, नाल्या आणि उद्याने कागदावर आखून मगच ज्या नगरात पहिली वीट ठेवली गेली, तेथे ते घडावे याचे कारण नियोजनातच शोधावे लागते. त्याविषयी आपल्या वृत्तपत्राद्वारे काही मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कारखान्यातील विद्युत देखभाल विभागात माझी हयात गेली, त्यामुळे सावलीचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. आपले छत्रपती संभाजीनगर शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि त्या वेळी दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे साधारण साडेनऊ फूट पडते. त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास ती वायव्येकडे झुकलेली आणि जवळजवळ दुप्पट लांब असते. उलट मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. बसवणारा तंत्रज्ञ माझ्या गच्चीवर आला तो एप्रिलमध्ये, दुपारी बारा वाजता. त्याला सर्वत्र लख्ख ऊन दिसले आणि त्याने सहाही पॅनेल दक्षिणेच्या कठड्याला धरून उभे केले. डिसेंबरची सावली त्याने विचारात घेतली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही घेतली नाही, कारण तेव्हा दक्षिणेला सावली पाडणारे काही नव्हतेच.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती अनेक ग्राहकांना माहीत नसते. घरगुती संचातील पॅनेल बहुधा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि माळेतील सर्वांमधून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलवर सावली आली की त्याचा परिणाम सगळ्या माळेवर होऊ शकतो. प्रत्येक पॅनेलमध्ये सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारे डायोड असतात हे खरे, पण त्यांच्यामुळे नुकसान कमी होते, टळत नाही. म्हणूनच गच्चीचा चौथाच भाग सावलीत असताना माझी वीज मात्र चौथ्यापेक्षा कितीतरी अधिक घटली. पूर्वी डिसेंबरातल्या स्वच्छ दिवशी मीटरवर ११ ते १२ युनिट दिसत, तेथे आता ६ ते ७ दिसतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझे घर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला आहे, म्हणजे दाराशी, उत्तरेला रस्ता आणि पाठीमागे, दक्षिणेला शेजाऱ्यांचे घर. शेजाऱ्यांच्या घराचे तोंड दक्षिणेकडच्या पुढच्या रस्त्याला आहे आणि त्यांची पाठ माझ्या पाठीला लागते. सौर संच बसवणारे सगळे जाणकार घरमालकाला एकच सल्ला देतात की जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तर टोकाला ठेवा, म्हणजे त्यांची सावली तुमच्या पॅनेलवर पडणार नाही. सल्ला अगदी बरोबर आहे. माझ्या घरी तो पाळला तर सावली रस्त्यावर पडते आणि कोणाचेच बिघडत नाही, उलट भाजीवाल्याला थोडा आडोसा मिळतो. शेजाऱ्यांनी तोच सल्ला तितक्याच निष्ठेने पाळला तेव्हा त्यांची जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी माझ्या गच्चीच्या दक्षिण कठड्यासमोर येऊन उभी राहिली. एकाच नगरात, एकाच आकाराच्या दोन भूखंडांना, एकच नियम एका बाजूला लाभाचा आणि दुसऱ्या बाजूला हानीचा ठरतो, तो केवळ रस्ता कोणत्या दिशेला आहे यावरून. हे कोणा एका घरमालकाला किंवा त्याच्या मिस्त्रीला आपल्या भूखंडावर उभे राहून दिसू शकत नाही. ते फक्त ज्याच्यासमोर संपूर्ण आराखडा पसरलेला असतो त्यालाच दिसते, आणि तो म्हणजे नगररचनाकार.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तिने आपल्या शहरात एन-१, एन-२ अशा क्रमांकांची वसाहत वसवली, तेव्हा घराघरावर वीज तयार होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्या आराखड्यांना आज दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या रचनाकारांनी वाऱ्याचा आणि उजेडाचा विचार केला होता, इतकेच नव्हे तर गच्चीला त्यांनी मराठवाड्यातील माणसाच्या सवयीप्रमाणे मोकळे सोडले होते. धाब्याच्या घरात वाढलेल्या आमच्या पिढीला माळवद म्हणजे घराची आणखी एक खोलीच वाटत असे. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड तेथेच वाळत, डाळी-मिरच्यांना ऊन तेथेच दाखवले जाई आणि रात्री अंथरुणेही तेथेच पडत. आज त्याच गच्चीवर पॅनेल आले तेव्हा घरातील बायकांचा पहिला प्रश्न विजेचा नव्हता, ‘वाळवण कुठे घालायचे?’ हा होता. आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर बसवले तर खाली वाळवणही होते, वर वीजही होते आणि सावलीमुळे खालची खोली थंड राहते, हे मी स्वतः काही घरांत पाहिले आहे. परंतु उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागते, खर्च वाढतो आणि एप्रिल-मे महिन्यांतील अवकाळी वादळाचा झोत पॅनेलखाली शिरून ते उचलू पाहतो. केवळ कठड्याला चार बोल्ट मारून उभे केलेले सांगाडे अशा वादळात कसे टिकतील, याची मला खरोखरच चिंता वाटते. दुसरीकडे, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडील लोकांच्या मनात छतावर वजन ठेवण्याची जी धास्ती बसली, ती पॅनेलच्या बाबतीत मात्र बहुतांशी अनाठायी आहे. एक पॅनेल साधारण २८ किलोंचे असते, म्हणजे सहा पॅनेलचे वजन पावणेदोनशे किलोंच्या आत, आणि ते पंधरा चौरस मीटरवर पसरलेले. याउलट १ हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची असते आणि ती आपण एका कोपऱ्यात निःशंकपणे ठेवतो. स्लॅब जुना असेल तर अभियंत्याला दाखवावा हे निराळे.

खर्चाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची माहिती आता सर्वत्र उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यासाठी देशात बनलेल्या सेलचेच पॅनेल असावे लागतात. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारने ‘स्मार्ट’ योजनेतून वेगळी मदत देऊ केली आहे. सुमारे शंभर चौरस फूट सावलीरहित जागेत १ किलोवॉटचा संच बसतो आणि वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. सरकारने देशातील एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद केली. एवढा पैसा ज्या गच्च्यांवर खर्च होणार, त्या गच्च्यांवर पुढील पंचवीस वर्षे ऊन राहील की नाही, हे कोणी तपासावयाचे, याचे उत्तर मात्र या सर्व योजनांत मला सापडले नाही. अर्जात छताचे क्षेत्रफळ विचारले जाते. छताच्या दक्षिणेला काय उभे राहू शकते हे विचारले जात नाही.

कायद्याचा आधार शोधला तर तोही अपुरा आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला वीस वर्षे विनाअडथळा मिळालेल्या उजेडावर मालकाचा अधिकार प्रस्थापित होऊ शकतो. पण ती तरतूद मुळात खिडक्या-झरोक्यांतून घरात येणाऱ्या उजेडाचा विचार करून केलेली आहे, आणि वीस वर्षे थांबायचे म्हटले तर तोपर्यंत पॅनेलचेच आयुष्य सरत आलेले असते. शिवाय शेजाऱ्याने आपला मजला चढवू नये असे म्हणण्याचा मला नैतिक हक्क आहे असेही मी मानत नाही. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले आहे, घर वाढणारच. त्यांच्या बांधकामाच्या हक्कावर गदा न आणता, केवळ जिन्याची खोली कोठे असावी, टाकी कोठे असावी आणि कोणत्या बाजूला मजला थोडा मागे घ्यावा, एवढे जर नकाशा मंजूर करतानाच ठरले असते, तर दोघांचेही काम झाले असते. २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सामासिक अंतरे आणि उंची यांचे सविस्तर नियम आहेत. पण शेजारच्या गच्चीवर हिवाळ्यात पडणारी सावली हा स्वतंत्र निकष म्हणून पाहिला जात नाही.

यात आणखी एक सामाईक बाब आहे, ती म्हणजे डीपी, गल्लीतील घरांना वीज पुरवणारे रोहित्र. एका डीपीवर किती सौर संच जोडता येतील याला मर्यादा असते, कारण दुपारी घरे रिकामी असताना सगळ्या गच्च्या एकाच वेळी वीज परत पाठवू लागतात आणि त्या गल्लीतील व्होल्टेज वाढते. २३० च्या जागी ते २५० च्या पुढे गेले की पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, आणि ऐन उन्हात संच का थांबला हे कळत नसल्याने ग्राहक बसवणाऱ्याशी भांडत बसतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरील संचांसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढून टाकली आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी वितरण यंत्रणा सक्षम करण्याचा खर्च वितरण कंपनीवर टाकला, हे स्वागतार्हच आहे. मात्र नवे नगर वसवताना प्रत्येक घराला पुढे ३ किलोवॉटचा संच लागेल असे गृहीत धरून डीपी आणि केबल घातली, तर नंतर रस्ते उकरून ती बदलण्याची वेळ येणार नाही. दुपारी वीज गेली की सौर संचही बंद पडतो, याचीही अनेकांना नवलाई वाटते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था केलेली असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर घेतल्यास घरापुरती वीज मिळू शकते, पण त्या बॅटरीला अनुदान नाही.

पाण्याचा प्रश्न तर मराठवाड्यात टाळताच येत नाही. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पॅनेलवर धुळीचा थर बसतो आणि औद्योगिक वसाहतीच्या लगत तो अधिकच चिकट असतो. धुवायचे तर बोअरचे पाणी जड. ते वाळले की काचेवर पांढरे डाग धरतात आणि पुढे खरवडूनही निघत नाहीत. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, ते पॅनेलवर ओतायला कोणाचेही मन धजत नाही. मी यावर एक साधा उपाय केला आहे. पॅनेलच्या खालच्या कडेला पन्हळ लावून पावसाचे पाणी एका झाकणबंद टाकीत साठवतो. पंधरा चौरस मीटरवर वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस धरला तर १० हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. त्यातले हजारभर लिटर साठवले तरी कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा, सूर्य उगवण्यापूर्वी, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसण्यास ते पुरते. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये. उरलेले पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात जाते. पर्जन्यजल संधारणाची अट घालणाऱ्या यंत्रणेने पॅनेलचा उतार आणि पन्हळ यांची सांगड नकाशातच घातली, तर एका खर्चात दोन कामे होतील.

जाता जाता, ‘मराठवाड्यात इतके ऊन, मग वीज किती मिळेल!’ असे म्हणणाऱ्यांसाठी: पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. मे महिन्यात पॅनेलचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणूनच पॅनेलखालून वारा खेळता राहणे महत्त्वाचे आहे, आणि पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनेल पाहिले की मला वाईट वाटते.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन येथे साकारत असलेले ऑरिक. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील हे सुमारे १० हजार एकरांचे नगर आहे, तेथील वाहिन्या जमिनीखालून नेलेल्या आहेत, शेंद्र्यातील ऑरिक हॉलचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले आहे आणि उद्योगांबरोबरच रहिवासी व व्यापारी वापरासाठीही तेथे जमीन राखून ठेवलेली आहे. जेथे अजून घरे उभी राहावयाची आहेत तेथे कागदावरची रेघ थोडी सरकवण्यास काहीही खर्च येत नाही. उंच इमारती उत्तरेकडे आणि बैठी घरे दक्षिणेकडे ठेवली, रुंद रस्ता उंच इमारतीच्या उत्तरेला दिला, तर हिवाळ्यातील सावली डांबरावर पडेल, कोणाच्या पॅनेलवर नाही. पाठीला पाठ लावून असलेल्या भूखंडांच्या जोड्यांमध्ये दक्षिणेकडच्या घराचा जिना घराच्या मध्यावर आणि उत्तरेकडच्या घराचा जिना रस्त्याच्या बाजूला, एवढा नियम पुरेसा आहे. गच्चीपासून मीटरपर्यंत केबलसाठी एक पाइप आणि अर्थिंगचे खड्डे बांधकामाच्या वेळीच करून ठेवले तर नंतर नव्या रंगाच्या भिंतींवरून वायरी लोंबणार नाहीत. सदनिकांच्या संकुलांत लिफ्ट, पंप आणि जिन्यांतील दिव्यांसाठी सामाईक संचाला प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपयांचे अनुदान आहेच. तेथे गच्ची ‘वरच्या मजल्यावाल्यांची’ की सर्वांची, हा वाद विक्रीकरारातच मिटवून टाकावा.

माझी मागणी त्यामुळे अगदी मर्यादित आहे. नियोजन प्राधिकरणांनी बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये २२ डिसेंबरच्या सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन या तीन वेळांचा सावलीचा नकाशा जोडण्याची अट घालावी, आणि ज्या शेजारच्या गच्चीवर नोंदणीकृत सौर संच आहे त्या घरमालकाला परवानगीपूर्वी त्याची प्रत द्यावी. हरकत घेण्याचा अधिकार नव्हे, केवळ माहिती. कोणत्याही वास्तुविशारदाच्या संगणकावर हा नकाशा काही मिनिटांत तयार होतो.

आमच्या बाबतीत असा नकाशा आधी मिळाला असता तर जिना कदाचित वेगळ्या जागी बांधला गेला असता. आता तो पाडता येत नाही. दिवाळीनंतर शेजारी आणि मी मिळून त्यांच्या गच्चीवर चढलो, मी माझ्या वहीतला हिशेब त्यांना दाखवला आणि त्यांनी पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवरून उतरवून नैर्ऋत्य कोपऱ्यात नेण्याचे कबूल केले. मिस्त्रीची मजुरी आणि नव्या पाइपचा खर्च आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला. माझेही तीन पॅनेल दक्षिण कठड्यापासून काढून उत्तरेकडे सरकवायचे आहेत. त्यासाठी बसवणाऱ्याला फोन केला आहे, आणि या वेळी त्याला डिसेंबरमध्ये, सकाळी साडेनऊ वाजता बोलावले आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त विद्युत कर्मचारी,
वाळूज महानगर, छत्रपती संभाजीनगर